दोष कागदाचा की कारणाचा?

चेन्नई सेंट्रल स्थानकाच्या शेजारी पांढरीशुभ्र रिपन बिल्डिंग उभी आहे. १९१३ साली पूर्ण झालेल्या या वास्तूतून शहराचा कारभार चालतो. तिथून पॅरीज कॉर्नरकडे निघाले की थोड्याच वेळात मद्रास उच्च न्यायालयाचे तांबड्या घुमटांचे आवार लागते. शहर दिवाणी न्यायालयही त्याच आवारात आहे. चेन्नईचा रहिवासी पालिकेवर दावा लावतो तेव्हा त्याचे कागद या दोन वास्तूंमध्ये ये-जा करू लागतात.

या शहरात पालिका आणि न्यायालय यांचे नाते फार जुने आहे. ३० डिसेंबर १६८७ च्या सनदेने मद्रासला महापौर आणि आल्डरमन मिळाले. २९ सप्टेंबर १६८८ रोजी भारतातली ही पहिली महापालिका कामाला लागली आणि तेच महापौर व आल्डरमन न्यायालय म्हणूनही बसत. म्हणजे पालिकाच न्यायाधीश होती. आज ४२६ चौरस किलोमीटर आणि २०० वॉर्डांचा कारभार पाहणारी तीच संस्था त्याच शहरात प्रतिवादी म्हणून उभी राहते. तिचे पहिले उत्तर मात्र अनेकदा भिंत कोणी पाडली किंवा कर कोणत्या हिशेबाने लावला याविषयी नसते. ते असते : नोटीस दिली नाही, दाव्यास कारण दाखवले नाही, मुद्रांक कमी आहे, हा दावा या न्यायालयात चालत नाही.

या हरकती पोकळ नसतात. पालिकेचा पैसा म्हणजे करदात्यांचा पैसा, आणि अर्धवट दाव्यात वर्षानुवर्षे वकील उभा करणे कोणत्याही शहराला परवडत नाही. पण याच हरकतींनी खऱ्या तक्रारीचाही गळा दाबता येतो. गेल्या शंभर वर्षांतले निकाल एकत्र वाचले, तर न्यायालयांनी दोन प्रकारचे दोष हळूहळू वेगळे केलेले दिसतात. कागदाचा दोष सुधारू द्यायचा, आणि मुळात कारणच नसेल तर दावा लवकर थांबवायचा. ही रेषा मालेगाव, धामणगाव, सेलम आणि चेन्नई अशा गावांतून आखली गेली आहे.

वादपत्रात काय हवे?

समजा, वेलाचेरीतल्या एका घरमालकाची कुंपणाची भिंत पावसाळी नाल्याच्या कामात पाडली गेली. त्याने वादपत्रात लिहिले की प्रतिवादीने बेकायदा कृत्य करून वादीस अतोनात त्रास दिला, सबब भरपाई मिळावी. हे वाचून न्यायाधीशाला काहीच कळत नाही. भिंत कोणत्या तारखेला पडली, जागेचा सर्व्हे क्रमांक कोणता, मालकीचा कागद काय, आधी नोटीस आली होती का, काम कोणत्या खात्याचे होते, भरपाईचा आकडा कसा आला, यातले काहीच त्यात नाही.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ६ नियम २ सांगतो की वादपत्रात दाव्याला आवश्यक असलेल्या ठोस घटना थोडक्यात लिहा, त्यांचा पुरावा लिहू नका. लबाडी किंवा दडपणाचा आरोप असेल तर नियम ४ प्रमाणे तारखा आणि तपशील द्यावे लागतात. ठोस घटना आणि त्यांचा तपशील हा फरक सर्वोच्च न्यायालयाने माधवराव शिंदे यांच्या निवडणुकीवरील उधवसिंग खटल्यात स्पष्ट केला. एकही ठोस घटना गाळली तर दाव्याचे कारण अपुरे राहते. तपशील कमी पडला तर तो नंतर देता येतो.

चेन्नईत या चुकीला एक स्थानिक रूप आहे. पावसाळी नाला महापालिकेचा, सांडपाण्याची वाहिनी मेट्रोवॉटर या पाणीपुरवठा मंडळाची, बांधकाम नकाशाचा विषय सीएमडीए या विकास प्राधिकरणाचा आणि काही मोठे रस्ते राज्य महामार्ग खात्याचे. घरमालकाला दिसतो तो एकच खड्डा. तो महापालिकेला प्रतिवादी करतो आणि काम निघते भलत्याच खात्याचे. अशा वेळी आदेश १ नियम ९ त्याच्या मदतीला येतो. एखादा पक्षकार चुकला किंवा राहिला एवढ्यावरून दावा पडत नाही, नियम १० खाली तो जोडता किंवा वगळता येतो. अपवाद एकच. ज्याच्याशिवाय हुकूमनामा होऊच शकत नाही असा आवश्यक पक्षकार गाळला असेल, तर दोष प्राणघातक ठरतो. पुण्या-मुंबईतही महापालिका, विकास प्राधिकरण आणि सार्वजनिक बांधकाम खाते यांच्या हद्दी अशाच एकमेकांत अडकलेल्या असतात.

सही, सत्यापन आणि प्रतिज्ञापत्र यांतल्या चुका आणखी हलक्या. सर्वोच्च न्यायालयाने दोन वेगवेगळ्या निकालांत अशा उणिवा दुरुस्त करण्याजोग्या मानल्या. कोर्ट फी कमी पडली, तर न्यायालय आधी ती भरायला मुदत देते, आणि मुदतीत भरली नाही तरच वादपत्र नामंजूर होते. मालमत्तेवरील हक्काविषयी मात्र सावध राहावे लागते. पालिका जागा आपली म्हणत असेल आणि वादीने नुसता मनाई हुकूम मागितला असेल, तर २००८ च्या अनथुला सुधाकर निकालाप्रमाणे मालकीवर खरे सावट आले असता मालकी जाहीर करून मागावीच लागते. अतिक्रमणाच्या नोटिशीवर घाईघाईने लावलेले कित्येक दावे याच जागी अडखळतात.

नोटीस : मालेगावपासून मद्रासपर्यंत

सरकारी पक्षाची सर्वांत जुनी हरकत नोटिशीची. १९२१ साली मालेगावात दंगल झाली आणि सरकारने नुकसानीची भरपाई गावच्या रहिवाशांकडून वसूल करण्याचे ठरवले. काही रहिवाशांनी वसुली थांबवण्यासाठी भागचंद दगडूसा या नावाने ओळखला जाणारा दावा लावला, पण सरकारवरील दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली द्यायच्या नोटिशीचे दोन महिने पुरे होण्याआधी. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९२७ मध्ये निकाल आला की कलम ८० सक्तीचे आहे, मनाई हुकमाच्या दाव्यालाही त्यातून सूट नाही. वसुली उद्या होणार असली, तरी नोटीस देऊन दोन महिने थांबायचे असा त्याचा अर्थ झाला.

मद्रास प्रांतातून गेलेल्या वेल्लयन चेट्टियार प्रकरणाने १९४७ मध्ये दोन गोष्टी जोडल्या. नोटीस देणारे आणि दावा लावणारे एकच असले पाहिजेत, ही कडक बाजू. दुसरी बाजू नागरिकाच्या उपयोगाची होती. नोटीस ही सरकारच्या सोयीसाठी असल्याने सरकार ती सोडून देऊ शकते, म्हणजे हरकत वेळेत घेतली नाही तर ती मागाहून उकरता येत नाही.

संसदेने १९७६ च्या दुरुस्तीने मालेगावची अडचण दूर केली. कलम ८०(२) प्रमाणे तातडीच्या प्रकरणात न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा लावता येतो. तातडी नाही असे वाटले, तर न्यायालय वादपत्र परत करते. कलम ८०(३) सांगते की नोटिशीतून वादी ओळखता येत असेल आणि दाव्याचे कारण व मागणी ढोबळपणे समजत असेल, तर तिच्यातल्या चुकीमुळे दावा फेटाळू नये.

इथे चुकणारे वकील कमी नाहीत, कारण महापालिका म्हणजे ‘सरकार’ नव्हे. कलम ८० तिला लागत नाही, तिला लागतो तिचा स्वतःचा कायदा. मुंबईसाठी १८८८ च्या कायद्याचे कलम ५२७, पुणे-नागपूरसारख्या महापालिकांसाठी १९४९ च्या कायद्याचे कलम ४८७, नगरपालिकांसाठी १९६५ च्या कायद्याचे कलम ३०४. मुंबई आणि इतर महापालिकांच्या कलमांत एक महिन्याची नोटीस आहे आणि दाव्याला कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदतही आहे. सामान्य मुदत कायद्यातली वर्षे मोजत बसलेला वादी इथे फसतो. शिवाय नोटिशीत न लिहिलेल्या कारणावर पुरावा देता येत नाही, म्हणजे नोटीस हाच दाव्याचा पहिला मसुदा ठरतो. दिल्लीच्या १९५७ च्या कायद्यातले कलम ४७८ केवळ मनाई मागणाऱ्या दाव्याला सूट देते, नोटीस देईपर्यंत मागणीचा हेतूच संपणार असेल तर. तमिळनाडूत १९२० च्या जिल्हा नगरपालिका कायद्यातली नोटीस नुकसानभरपाईच्या दाव्यांपुरती होती. एप्रिल २०२३ पासून मात्र तिथे १९९८ चा नागरी स्थानिक संस्था कायदा लागू झाला आणि चेन्नईचा १९१९ चा स्वतंत्र कायदा इतिहासजमा झाला. जुन्या नमुन्यावरून नोटीस उतरवून काढणे चेन्नईतल्या वकिलाला आता धोक्याचे आहे.

दाव्यात जिल्हाधिकारी किंवा राज्याचे खातेही असेल, तर कलम ८० ची नोटीस वेगळी द्यावी लागते. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो, एवढा दिलासा मुदत कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे.

सात-अकराचा अर्ज

वकिलांच्या बोलण्यातला ‘सात-अकरा’ म्हणजे आदेश ७ नियम ११. दाव्यास कारण नाही, मूल्यांकन किंवा मुद्रांक कमी आहे, वादपत्रावरूनच दावा कायद्याने बाधित दिसतो, अशा कारणांवर प्रतिवादी वादपत्र नामंजूर करून मागतो. इंग्लंडमध्ये यासाठी पूर्वी ‘डिमरर’ नावाची हरकत होती. तुमचे म्हणणे खरे धरले तरी त्यातून दावा उभा राहत नाही, असा तिचा आशय. इंग्लंडने ती १८८३ मध्ये रद्द केली. कॅलिफोर्नियात ती आजही चालते आणि तिथल्या शहरांवर भरपाईचा दावा लावण्याआधी लेखी मागणी द्यावी लागते, शरीराच्या इजेसाठी सहा महिन्यांच्या आत. आपल्या कलम ४८७ च्या वाचकाला हा चेहरा ओळखीचा वाटेल.

या अर्जाच्या वेळी न्यायालयाने फक्त वादपत्र आणि त्यासोबतचे कागद पाहायचे. पालिकेची कैफियत कितीही जोरदार असली तरी ती बाजूला ठेवायची. २००२ च्या सलीमभाई विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने हे पक्के केले आणि अर्ज कोणत्याही टप्प्यावर देता येतो असेही सांगितले. सोपान साबळे विरुद्ध सहायक धर्मादाय आयुक्त या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात २००४ मध्ये न्यायालयाने बजावले की वादपत्र अखंड वाचायचे, एकेक वाक्य सुटे काढून त्याची चिरफाड करायची नाही. दुसऱ्या बाजूला १९७७ च्या अरिवंदंदम निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी न्यायाधीशांना सावध केले होते की हुशारीने रचलेल्या मजकुराने फसू नका, वादपत्र अर्थ लावून वाचा. दोन्ही सूचना एकत्र धरल्या तरच अर्जाचा न्याय नीट होतो.

अर्धे वादपत्र नामंजूर करता येत नाही. मुंबईतल्या एका बांधकाम प्रकल्पावरून गेलेल्या माधवप्रसाद अगरवाल प्रकरणात २०१९ मध्ये हे पुन्हा ठरले. दाव्यातली एखादी मागणी टिकत असेल, तर वादपत्र उभेच राहते. आयुक्तांवर केलेली निंदा किंवा गैरलागू मजकूर काढायचा असेल, तर आदेश ६ नियम १६ चा स्वतंत्र अर्ज करायचा. आणि सात-अकराचा अर्ज आला की तो आधी निकाली काढून मगच दावा पुढे न्यायचा, पण कैफियत लांबवण्यासाठी त्याचा वापर होऊ द्यायचा नाही, असे २०१६ च्या रोजा प्रकरणात सांगितले गेले.

नामंजुरी म्हणजे शेवट नव्हे. कलम २(२) प्रमाणे ती हुकूमनामा मानली जाते, म्हणून तिच्यावर अपील होते, आणि नियम १३ प्रमाणे त्याच कारणावर नवे वादपत्रही दाखल करता येते. अडचण असते सहा महिन्यांच्या मुदतीची. नामंजुरीला वर्ष लागले, तर नवा दावा मुदतीबाहेर गेलेला असतो. म्हणून पहिली हरकत येताच दुरुस्तीचा अर्ज देणे शहाणपणाचे. १९५७ मध्ये पिरगोंडा पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाची १९०९ मधली जुनी कसोटी स्वीकारली. दुरुस्तीने दुसऱ्या बाजूचे असे नुकसान होऊ नये की जे खर्च देऊनही भरून येणार नाही. २००२ पासून आदेश ६ नियम १७ ला एक मर्यादा जोडली गेली. सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी असेल, तर योग्य काळजी घेऊनही ती आधी करता आली नाही हे दाखवावे लागते.

जिथे दावाच चालत नाही

काही दोष मात्र दुरुस्तीपलीकडचे. पालिकेने लावलेल्या कराच्या आकारणीवर कायद्यानेच अपिलाची वाट दिली असेल, तर तिला वळसा घालून दिवाणी न्यायालयात येता येत नाही. लुधियाना नगरपालिकेच्या प्रकरणात १९६३ मध्ये आणि नवी दिल्ली नगरपालिकेच्या प्रकरणात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेच म्हटले. १९६८ च्या धुलाभाई निकालाने यासाठी कसोट्यांची यादीच दिली.

पण ही बंदी सर्वत्र लागत नाही हे विदर्भातल्या धामणगावने दाखवून दिले. तिथल्या भारत कला भांडार या कंपनीवर नगरपालिकेने कापूस पिंजण्या-दाबण्यावर कर लावला आणि तो राज्यघटनेच्या कलम २७६ मधल्या तेव्हाच्या वर्षाला २५० रुपयांच्या मर्यादेपलीकडे गेला. कंपनीने जादा रक्कम परत मागितली. नगरपालिकेने नगरपालिका कायद्यातल्या नोटिशीची आणि मुदतीची ढाल पुढे केली. १९६५ मध्ये बहुमताच्या निकालात न्या. मुधोळकर यांनी ठरवले की घटनेची मर्यादा ओलांडणारी वसुली कायद्याखालची कृती धरता येत नाही, म्हणून दावा चालतो. ज्या वादीला पालिकेच्या अधिकारालाच आव्हान द्यायचे आहे, त्याने अधिकाराची मर्यादा कोणती आणि ती कुठे ओलांडली हे वादपत्रात नेमके लिहिले, तर हरकतीचे बळ निम्मे कमी होते.

मुंबईत चित्र वेगळे आहे. अनधिकृत बांधकामाच्या कलम ३५१ खालील नोटिशींना शहर दिवाणी न्यायालयात दाव्याने आव्हान देऊन वर्षानुवर्षे स्थगिती टिकवली जाई. २०१२ मध्ये कलम ५१५अ आणून विधिमंडळाने असे दावे रोखले. नगररचना कायद्याच्या कलम १४९ मध्येही अशी बंदी आहे. त्याआधी १९९६ मध्ये पुण्याच्या सोपान थोपटे प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने पाडकामापूर्वीची नोटीस आणि एकतर्फी मनाई देताना घ्यायची काळजी यांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. पालिकेने कायद्याची पायरीच गाळली असेल, तर बंदी असूनही वाद शिल्लक राहतो. मात्र कोणती पायरी गाळली हे वादीने स्पष्ट लिहायला हवे.

चेन्नईतली जवळची वाट

तमिळनाडूत दाव्याला क्रमांक मिळण्याआधीच त्याची परीक्षा सुरू होते. कागद दाखल झाले की त्यांना तात्पुरता एसआर क्रमांक मिळतो, आणि कार्यालयाला त्रुटी दिसल्या तर ते परत केले जातात. त्रुटी भरून ते पुन्हा द्यायचे. मुद्रांक आणि सहीपुरती ही चाळणी उपयोगी आहे. पण दावा टिकेल की नाही हा प्रश्न याच टप्प्यावर निकाली निघाला, तर वादीला न्यायाधीशासमोर तोंड उघडण्याआधीच परतावे लागते.

दुसरी अडचण प्रतिवादीच्या बाजूची. मद्रास उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम २२७ खाली थेट अर्ज करून वादपत्रच खारीज करून मागण्याची एक रीत रुळली होती. खालच्या न्यायालयात सात-अकराचा अर्ज द्यायचा नाही, सरळ उच्च न्यायालय गाठायचे. २०१९ मध्ये तूतुकुडीच्या एका शिक्षणसंस्थेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दिवाणी संहितेत अपिलाचा मार्ग असेल, तर कलम २२७ चा दरवाजा जवळजवळ बंदच समजायचा. २०२५ मध्ये तमिळनाडूतल्याच एका प्रकरणात उच्च न्यायालयाने थेट नामंजूर केलेले वादपत्र सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभे केले. वादपत्र नामंजूर करणे हे मूळ न्यायालयाचे काम आहे, ते वरून केले तर वादीचा अपिलाचा हक्क हिरावला जातो. हा निकाल चेन्नईच्या सामान्य दावेदाराला मोठा आधार आहे, कारण त्याच्याकडे वरच्या न्यायालयात वकील उभा करायला पैसे नसतात.

पालिकेच्या कैफियतीचे काय?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुका न्यायालयात कैफियतीचे एक ठरीव वाक्य ऐकू येते : दाव्यातील मजकूर खोटा असून तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. चेन्नईतही असाच ठसा तमिळ आणि इंग्रजीत वापरला जातो. आदेश ८ चे नियम ३ ते ५ असा मोघम नकार मान्य करत नाहीत. प्रत्येक घटनेला नेमके उत्तर द्यावे लागते, नाही तर ती कबूल धरता येते. १९६३ मध्ये मुंबईच्या बदात कंपनीच्या निकालात हे नियम आदेश ७ शी जोडून वाचायला सर्वोच्च न्यायालयाने शिकवले. वादीने नेमके लिहावे अशी अपेक्षा असेल, तर प्रतिवादीनेही नेमकेच लिहिले पाहिजे. वेलाचेरीच्या घरमालकाने भिंत पडल्याची तारीख आणि कामाचा आदेश क्रमांक लिहिला असेल, तर पालिकेने तो आदेश आपला आहे की नाही एवढे तरी सांगायला हवे. ही बाजू तपासण्याचा अर्ज वादीला करता येतो, पण सात-अकराइतक्या उत्साहाने तो केला जात नाही आणि ऐकलाही जात नाही.

नोटिशीबाबतही तेच. दाव्याआधी पालिकेला विचार करायला वेळ मिळावा आणि शक्य तर भांडण तिथेच मिटावे, हा नोटिशीचा हेतू. १९८४ मध्ये बिहारी चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा सांगितला. पण नोटीस धूळ खात पडली आणि नंतर तीच नोटीस अपुरी होती म्हणून दावा पाडायचा, तर हा हेतू उलटा होतो. तमिळनाडूतल्या सेलमच्या वकील संघटनेने दाखल केलेल्या प्रकरणात २ ऑगस्ट २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले. ज्या ज्या कायद्यांत दाव्याआधी नोटीस लागते, तिथे केंद्र, राज्य आणि इतर प्राधिकरणांनी तीन महिन्यांत एक अधिकारी नेमावा. नोटिशीला मुदतीत आणि विचारपूर्वक उत्तर देण्याची जबाबदारी त्याची. उत्तर आले नाही किंवा मोघम आले, तर न्यायालयाने जबर खर्च बसवावा आणि त्या अधिकाऱ्याकडून तो वसूल करण्याचाही विचार व्हावा.

‘इतर प्राधिकरणे’ या शब्दांत महापालिका येतात. म्हणून महापालिकेविरुद्धच्या प्रत्येक वादपत्रात तीन ओळी असायला हव्यात : नोटीस कोणत्या तारखेला पोहोचवली, तिची पोच कुठे आहे, आणि उत्तर आले की नाही. पालिकेचा वकील सात-अकराचा अर्ज घेऊन उभा राहील तेव्हा वादीच्या वकिलाने त्याच दिवशी न्यायाधीशांना विचारावे की नोटिशींना उत्तर देणाऱ्या त्या अधिकाऱ्याचे नाव पालिकेने आजवर कुठे नोंदवले आहे.